लेकराच्या उशाशी: गंभीर आजारी मुलांच्या घरच्यांना पडणारे प्रश्न

मुंबईत परळला टाटा मेमोरियल आणि वाडिया ही दोन रुग्णालयं एकमेकांच्या जवळच आहेत. वाडिया १९२९ सालचं, टाटा १९४१ सालचं. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतची, बिहार-बंगालकडचीही लेकरं या भागात उपचारांना येतात. सोबत आई, बाबा, एखादी मावशी, कधी पाठचं भावंड. मी मुंबईतच मुलांच्या वॉर्डात समुपदेशक म्हणून काम करते. औषधांचे प्रश्न लोक डॉक्टरांना विचारतात. बाकीचे प्रश्न जिन्यात, चहाच्या टपरीवर किंवा रात्री अकराला व्हरांड्यात निघतात. ते मला ज्या शब्दांत विचारले जातात, त्याच शब्दांत इथे लिहिले आहेत.

आध्यात्मिक आधार म्हणजे काय? कुणी महाराज येऊन प्रवचन देणार का?

नाही. धर्म शिकवायला किंवा बदलायला कुणी येत नाही.

रुग्णालयात पाऊल टाकलं की आई-बाबांचं नाव जातं. "बेड नंबर बाराचे नातेवाईक कोण?" अशी हाक येते आणि तुम्ही धावता. फॉर्मवर सही करणारे, रक्ताच्या पिशवीसाठी पळणारे, बिलाच्या रांगेत उभे राहणारे नातेवाईक. पण रात्री वॉर्डातले दिवे मंद झाले की वेगळेच प्रश्न उठतात. माझ्याच बाळाला का? मी कुठे चुकले? हे गेलं तर मी कोणाची आई? या प्रश्नांना गोळी नसते. कुणीतरी शेजारी बसून ते घाई न करता ऐकणं, तुमची श्रद्धा असेल तर तिच्यासकट आणि नसेल तर तिच्याशिवाय, हाच आध्यात्मिक आधार. तुम्हाला 'नातेवाईका'तून पुन्हा आई-बाबा करणं, एवढंच आमचं काम आहे असं मी मानते. पुढची सगळी उत्तरं त्याच समजुतीतून आली आहेत.

परदेशातल्या बऱ्याच रुग्णालयांत यासाठी वेगळी नेमलेली माणसं असतात. आपल्याकडे हे काम सोशल वर्कर मॅडम, समुपदेशक, पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर आणि सिस्टर करतात. कितीदा तर रात्रपाळीच्या मावशी करतात, आणि त्या ते फार चांगलं करतात.

आम्हाला पॅलिएटिव्ह केअरकडे पाठवलंय. म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?

हा शब्द ऐकून मटकन खाली बसलेले बाबा मी पाहिले आहेत. म्हणून सांगते: पॅलिएटिव्ह केअर म्हणजे त्रास कमी करणारी सेवा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ सालीच म्हटलंय की मुलांच्या बाबतीत ती निदान झाल्या दिवसापासून सुरू व्हावी, आजारावरचे उपचार चालू असोत वा नसोत. शरीर, मन आणि आतलं जे काही आहे ते, तिन्हींची काळजी त्यात येते. घरच्यांची काळजीही येते.

केमो चालू असतानाही ही टीम तुम्हाला भेटू शकते. मूल कळवळत असताना त्याला गोष्ट ऐकू येत नाही, आईला प्रार्थना सुचत नाही. आधी दुखणं थांबायला हवं. त्यासाठी डॉक्टरांनी मॉर्फिन सुचवलं तर घाबरू नका. योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेलं मॉर्फिन म्हणजे दुखण्यावरचं औषध, शेवटाची घंटा नव्हे.

वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळतं, गोव्यातही त्यांचं केंद्र आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे. तुमच्या लेकराला कुठे घेतील, घरी कोण येऊ शकेल, हे तुमच्या डॉक्टरांना किंवा सोशल वर्करना सरळ विचारा.

माझ्याच बाळाला का? मागच्या जन्मीचं पाप म्हणावं का हे?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि बहुतेक वेळा आईच विचारते. कारण घरात तिला कुणीतरी तसं बोललेलं असतं. ग्रहणात भाजी चिरलीस, डोहाळे नीट पाळले नाहीस, तुझा पायगुणच वाईट. सटवाईने पाचवीला कपाळी लिहिलं ते टळत नाही, असं म्हणून म्हातारी माणसं स्वतःची समजूत काढतात. त्यांना त्यातून खरंच धीर मिळतो, तो मी हिसकावून घेत नाही. पण 'लिहिलेलं होतं' आणि 'तुझ्यामुळे झालं' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं वाक्य घरात कुणी बोलत असेल तर बाबांनी, आजोबांनी, दिराने, ज्याच्या शब्दाला घरात वजन आहे त्याने ते थांबवावं.

लहान मुलांचे बहुतेक कॅन्सर पेशींमध्ये आपसूक झालेल्या बदलांतून होतात. आईने काय खाल्लं, कुठे गेली, कुणाची सावली पडली, याचा त्याच्याशी काही संबंध नसतो. थॅलेसेमियासारखे काही आजार आई-बाबा दोघांकडून आलेल्या जनुकांमुळे होतात. तिथेही कुणी कुणाला जाणूनबुजून काही दिलेलं नसतं.

एवढं सांगूनही 'का' उरतोच. वैद्यकाला 'कसं' सांगता येतं, 'का' सांगता येत नाही. मी नवी होते तेव्हा एका आईला म्हणाले होते, "देवाची इच्छा असेल." तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या देवाची की माझ्या?" त्या दिवसापासून या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. खुर्ची ओढून बसते.

अंगारा, ताईत, तीर्थ, नवस चालेल का?

बहुतेक गोष्टी चालतात, थोडी काळजी घेतली तर. चोरून करू नका, सिस्टरना सांगून करा. चोरून लावलेल्या अंगाऱ्याची भीती वाटते ती त्याच्याखालच्या त्वचेला काय होतंय ते आम्हाला कळत नाही म्हणून.

अंगारा कागदाच्या पुडीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून उशीखाली ठेवा. कपाळाला लावायचा तर डॉक्टरांना विचारून अगदी टिकलीएवढा लावा, पण जिथे सलाईन किंवा औषधासाठी छातीत घातलेली नळी आहे तिथे मुळीच नको. पोटात देऊ नका. केमोनंतर 'काउंट', म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, खाली गेलेले असतात तेव्हा बाहेरचं तीर्थ, पंचामृत, कापलेली फळं, फुलं हे सगळं दूर ठेवा. त्या दिवसांत साधा जंतूही जीवावर बेततो. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पंचामृतातला मध एरवीसुद्धा देऊ नये. काळा दोरा सलाईनच्या हाताला बांधू नका, हात सुजला की तो रुततो. ताईत धातूचा असेल तर एमआरआयच्या आधी काढा, काढून आईच्या मनगटाला बांधा, परत आल्यावर पुन्हा घाला. ऑक्सिजन लावलेल्या खाटेजवळ निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती काही पेटवायचं नाही, तिथे आग लागू शकते. मोबाईलवर हळू आवाजात हरिपाठ, कुराणाचं पठण, रोझरी, त्रिसरण लावा. शेजारच्या खाटेवरचं मूल झोपलंय का ते मात्र बघा.

नवस बोललात तर बोला. पण आईने कडक उपास धरून चक्कर येऊन पडू नये. लेकराला उचलून घ्यायला तिच्या हातांत बळ हवं. आणि मूल गेलं तर 'नवस फेडायचा राहिला म्हणून गेलं' असा हिशेब मांडू नका. मी ज्या गुरवांशी, मौलवींशी, फादरांशी यावर बोलले आहे, त्यांच्यापैकी एकानेही आईला असा दोष दिला नाही.

देवऋषी म्हणतो औषध बंद करा, मग गुण येईल.

बंद करू नका. प्रार्थना औषधासोबत चालते, औषधाच्या जागी चालत नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पूजा, वारी, कीर्तन, प्रदक्षिणा यांना तो हात लावत नाही, अघोरी प्रकार आणि फसवणूक यांना लावतो. कुणी भीती घालून पैसे उकळत असेल, मारहाण किंवा चटके देण्याची भाषा करत असेल, तर लगेच सोशल वर्करना सांगा.

मला देवाचा राग येतो. देव्हाऱ्यासमोर उभं राहवत नाही. हे पाप आहे का?

आपल्या संतांनी विठ्ठलाशी किती भांडणं केली आहेत ते आठवा. तुकोबांनी दुष्काळात बायको गमावली, मूल गमावलं, आणि पुढे देवाला काय काय सुनावलं हे उभ्या महाराष्ट्राला पाठ आहे. भांडण तिथेच होतं जिथे नातं असतं. दिवा लावावासा वाटत नसेल तर काही दिवस घरातलं दुसरं कुणी लावेल. आणि श्रद्धा परत आलीच नाही तर तेही खोटं नाही. नास्तिक आई-बाबांना मी जवळून पाहिलं आहे, त्यांचं प्रेम कुठल्याही बाजूने उणं नव्हतं.

मुलाला त्याच्या आजाराबद्दल, मरणाबद्दल सांगायचं का? ते खचणार नाही का?

मुलांना आपल्याला वाटतं त्याहून कितीतरी जास्त माहीत असतं. शेजारची खाट रिकामी झालेली ती बघतात, बाबांचे सुजलेले डोळे बघतात, आपण आलो की मोठी माणसं गप्प होतात हे बघतात. आपण बोलत नाही तेव्हा ती आपल्याला जपायला लागतात. आजारी मुलावर आई-बाबांना सांभाळायचं ओझं पडतं.

स्वीडनमध्ये कॅन्सरने मूल गमावलेल्या आई-बाबांना याबद्दल विचारलं गेलं, त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. मुलाशी मरणाबद्दल बोललेले १४७ जण होते, त्यांतल्या एकालाही पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्यांपैकी २७ टक्क्यांना 'बोलायला हवं होतं' असं वाटत होतं. देश वेगळा आहे, घरं वेगळी आहेत, पण माझ्या वॉर्डातला अनुभव याच दिशेचा आहे.

एक आठ वर्षांची मुलगी होती. एका संध्याकाळी तिने वडिलांना विचारलं, "बाबा, मी नसले की माझी सायकल कोण चालवणार?" वडील म्हणाले, "असं अभद्र बोलू नये." ती भिंतीकडे तोंड करून झोपली आणि दोन दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले, मग तिच्याकडे गेले, आणि त्यांनी फक्त एवढं विचारलं, "तू सांग, कोणाला द्यायची?" ती उठून बसली. "दादूला. पण सीट खाली करावी लागेल, त्याचे पाय पोचत नाहीत. आणि घंटी काढायची नाही." मग दोघं जण त्या घंटीबद्दल अर्धा तास बोलत होते. मृत्यू हा शब्द कुणी उच्चारला नाही. गरजही पडली नाही.

म्हणून सगळं एका बैठकीत सांगायचा प्रयत्न करू नका. मुलाने विचारलं, "मी मरणार का?" तर आधी उलट विचारा, "तुला असं का वाटलं, राजा?" कधी त्याला फक्त उद्याच्या सुईची भीती असते. कधी खरंच तेच विचारायचं असतं. तेव्हा खोटं बोलू नका. "डॉक्टर खूप प्रयत्न करतायत. आजार फार मोठा आहे. काहीही झालं तरी मी तुझ्याजवळ आहे, तुला दुखू देणार नाही," एवढं पुरतं. गळा दाटून आला तर दाटू द्या.

घरी दुसरं मूल आहे. त्याला काय सांगू?

खरं सांगा, त्याच्या वयाच्या भाषेत. "ताई देवाघरी गेली" एवढ्यावर थांबलात तर चार वर्षांचं पोर विचारतं, परत कधी येणार? "झोपली" म्हणालात तर ते रात्री झोपायला घाबरतं. "देवाला चांगली मुलं आवडतात" म्हणालात तर ते चांगलं वागायचंच सोडतं. हे तिन्ही प्रकार मी पाहिले आहेत. साधारण पाच वर्षांखालच्या मुलांना मरण कायमचं असतं हे उमगत नाही, ती तोच प्रश्न पन्नास वेळा विचारतात. पन्नास वेळा तेच उत्तर द्या: "तिचं शरीर खूप आजारी होतं, ते चालायचं थांबलं. ती परत येणार नाही. आपल्याला तिची खूप आठवण येते."

सात-आठ वर्षांच्या भावंडाच्या मनात एक गुपित हमखास असतं: मी भांडताना 'मर' म्हणालो होतो, म्हणून असं झालं. ते स्वतःहून कधी सांगत नाही. तुम्हीच सांगा की कुणाच्या बोलण्याने, रागाने कुणी आजारी पडत नाही. आणि त्याला रुग्णालयात भेटायला आणायचं का, शेवटचं पाहू द्यायचं का, हे त्यालाच विचारा. काय दिसेल ते आधी सांगा, हात धरा, नको म्हणाला तर ओढू नका.

शेवटच्या तासांत आम्ही काय करायचं?

जे रोज करत होतात तेच. अंग पुसा, केसांतून हात फिरवा, ओठ ओल्या कापसाने टिपा. मांडीवर घेता येईल का विचारा. नळ्या असल्या तरी बहुतेक वेळा सिस्टर जागा करून देतात. बोलत राहा, डोळे मिटलेल्या मुलाला ऐकू येत असेल असं धरूनच बोला. गंगाजल, तुळस, कलमा, नवकार, फादरांचा आशीर्वाद, जे तुमच्यात असेल ते आधीच सिस्टरना सांगून ठेवा म्हणजे ऐन वेळी पळापळ होत नाही. ख्रिस्ती घरातल्या बाळाचा बाप्तिस्मा राहिला असेल आणि फादर पोचत नसतील, तर अशा तातडीच्या वेळी कुणीही पाणी ओतून तो देऊ शकतं, हे पुष्कळांना माहीत नसतं.

मूल गेल्यावर घाई करू नका. वॉर्डाला खाट हवी असते हे खरं, पण थोडा वेळ मागायचा तुम्हाला हक्क आहे. मागा. शेवटची आंघोळ स्वतः घालायची असेल तर सांगा. हाताचा ठसा, केसांची बट ठेवायची असेल तर तेही सांगा. एका आईने फक्त नखं कापायला वेळ मागितला होता. "सोमवारी शाळेत नखांची तपासणी असायची ना," असं म्हणत तिने दहाही बोटांची नखं कापली, पुसली. तेवढा वेळ ती पुरती आई होती.

दहन की दफन? विधी कोणते करायचे?

हिंदू घरांत अगदी लहान मुलांना अग्नी न देता पुरायची रीत आहे. जुन्या धर्मशास्त्रात दोन वर्षांखालच्या मुलांसाठी तसंच सांगितलं आहे. मोठ्या माणसाचे सगळे विधी लहानग्याला लागत नाहीत, सुतकही बहुधा कमी असतं, पण ते जात, घराणं, गाव यानुसार बदलतं. तुमच्या घरच्या जाणत्यांना विचारा. बौद्ध घरांत त्रिसरण-पंचशील आणि पुढे पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्याच्या नावाने पुण्य अर्पण करण्याचा विधी, होतं. मुस्लिम घरांत अजाण वयात गेलेलं मूल निष्पाप मानलं जातं, थेट जन्नतमध्ये जातं, आणि ही गोष्ट त्या आईला मोठा आधार देते.

'एवढ्याशा जीवासाठी कसले विधी' असं म्हणून घरची माणसं सगळं तासाभरात उरकतात, आणि आई-बाबांकडे धरायला काहीच उरत नाही. विधी नसतील तर तुम्ही एक साधा वेळ ठरवा: फोटो, एक दिवा किंवा फूल, त्याचं आवडतं गाणं, घरातल्या प्रत्येकाने त्याची एक आठवण सांगायची. याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

आईला स्मशानात येऊ देत नाहीत.

असा कोणताही कायदा नाही. रीत आहे, आणि रीती बदलतात. तुम्हाला जायचं असेल तर घरातल्या एका माणसाला आधीच सांगा, तो तुमच्या बाजूने बोलेल. जायचं नसेल तर जाऊ नका, त्यातही कमीपणा नाही. नऊ महिने पोटात ठेवलेल्या लेकराला निरोप देण्यापासून आईला अडवताना लोक 'तिला सोसवणार नाही' म्हणतात. तिने त्याआधी काय काय सोसलं ते मी पाहिलेलं असतं.

कागदपत्रांचं काय?

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची. रुग्णालयात मृत्यू झाला तर नोंद तिथूनच पाठवली जाते, तुम्ही दाखल्याच्या प्रती काढून घ्या. घरी झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून लेकराला शेवटच्या दिवसांत घरी नेत असाल तर स्थानिक डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा आणि डिस्चार्जचे कागद हाताशी असू द्या. हे काम मामा-काकांवर सोपवा.

सगळे म्हणतात, रडू नका, त्याच्या आत्म्याला त्रास होतो.

रडा.

दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. कॅन्सरच्या रुग्णांचे कितीतरी घरचे तिथे राहतात. गाडगेबाबांचा एकुलता एक मुलगा गोविंद १९२३ साली गेला. कीर्तन चालू असताना बातमी आली आणि बाबांनी कीर्तन थांबवलं नाही, असं सांगतात. ही गोष्ट लोक रडणाऱ्या आई-बापांना ऐकवतात, बघा ते कसे खंबीर होते म्हणून. बाबांनी ते स्वतःपुरतं केलं. दुसऱ्याच्या आईला त्यांनी रडू नकोस म्हटलं नसतं असं मला वाटतं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या निवाऱ्याची सोय पाहिली, त्याला दुसऱ्याचं रडू कळत होतं. पैगंबरांचा लहानगा मुलगा इब्राहिम गेला तेव्हा त्यांचेही डोळे भरून आले होते, हे मुस्लिम घरांत सगळ्यांना ठाऊक असतं. आणि मेलेलं बाळ उराशी धरून आलेल्या किसा गोतमीला बुद्धांनी 'रडू नकोस' म्हटलं नाही, ज्या घरात कुणीच गेलेलं नाही तिथून मोहरी आणायला पाठवलं. दारोदार फिरताना ती ज्यांना भेटली, ती सगळी तिच्यासारखीच होती.

नवरा काहीच बोलत नाही. चौथ्या दिवशी कामावर गेला. त्याला काही वाटत नाही का?

वाटतं. बहुतेक बाबा रडण्यासाठी जागा शोधत असतात: लोकलचा दरवाजा, मोटारसायकलवरचं हेल्मेट, न्हाणीघर. घर चालवायचं, उपचारांचं कर्ज फेडायचं, म्हणून ते कामाला जुंपून घेतात. बाई दुःखाकडे तोंड करून बसलेली आणि माणूस पाठ करून चाललेला, असं चित्र दिसतं. खरं तर दोघंही दिवसातून कितीदा दोन्हीकडे ये-जा करत असतात, फक्त एकाच वेळी करत नाहीत.

बाबासाहेब आणि रमाबाई आंबेडकरांनी पाचांतली चार लेकरं गमावली. १९२६ साली राजरत्न गेल्यावर बाबासाहेबांनी आपलं दुःख एका मित्राला पत्रात लिहून कळवलं. जे बाबा समोरासमोर बोलू शकत नाहीत, त्यांना मी हेच सुचवते: लिहा, किंवा मोबाईलमध्ये बोलून ठेवा. आणि दोघांनी आठवड्यातून एकदा, चहा घेताना, मुलाचं नाव घेऊन बोला. त्याच्याबद्दलच बोला, कर्जाबद्दल नको.

पैसे संपले म्हणून उपचार थांबवले. मी माझ्या लेकराला मारलं का?

नाही. दोन एकर विकून, दागिने मोडून, सावकाराच्या दारात उभं राहून तुम्ही जे केलं ते मला माहीत आहे. बऱ्याचदा उपचार थांबतात ते त्या उपचारांनी आता त्रासच वाढणार असतो म्हणून. हे डॉक्टरांनी तुम्हाला नीट समजावून सांगितलेलं नसतं, किंवा सांगितलं तेव्हा तुमच्या कानांत शिरलेलं नसतं. महिन्या-दोन महिन्यांनी वेळ मागून डॉक्टरांना पुन्हा भेटा, फाईल सोबत न्या, मनातला हा प्रश्न स्पष्ट विचारा. ही भेट मागणारे आई-बाबा फार थोडे असतात. मागितलेल्यांपैकी बरेच जण थोडे हलके होऊन परत गेलेले मी पाहिले आहेत.

त्याचे कपडे, दप्तर कधी द्यायचे?

तुम्हाला वाटेल तेव्हा. पाहुण्यांना तेराव्या दिवशी कपाट आवरू देऊ नका.

किती दिवसांत यातून बाहेर येईन?

'बाहेर' असं काही नसतं. एक आई मला म्हणाली, "वर्ष झालं तरी कणीक मळताना हात दोन पोळ्यांची जास्तच घेतो." दुसऱ्या वर्षी तिने सांगितलं, "अजून घेतो, पण आता त्या मी खालच्या वॉचमनला देते." मला वाटतं दुःख असंच बदलत जातं.

सण, वाढदिवस, शाळा सुरू होण्याचा जूनचा पहिला आठवडा, पहिला पाऊस, हे दिवस जड जातात. त्यांची आधीच तयारी ठेवा. मात्र सहा महिने, वर्ष उलटूनही अन्न-झोप-काम काहीच जागेवर येत नसेल, किंवा 'मीही त्याच्याकडे जाते' असा विचार एकदाही आला असेल, तर थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मूल ज्या वॉर्डात होतं तिथल्या समुपदेशकाकडेही परत येता येतं. मूल नाही म्हणजे आता आपला तिथे काय संबंध, असं समजू नका.

आम्ही शेजारी आहोत. भेटायला गेल्यावर काय बोलावं?

मुलाचं नाव घ्या. "अथर्व आमच्या अंगणात चेंडू टाकायचा, आठवतं," असं एखादं खरं वाक्य पुरे. "अजून वय आहे, दुसरं होईल," हे कधीही नको. "काही लागलं तर सांगा" म्हणूनही थांबू नका, कारण कुणी सांगत नाही. दूध आणून द्या, धाकट्याला शाळेत सोडा, डबा पोचवा. पंधरा दिवसांनी घर रिकामं होतं. तेव्हा परत जा.

कुणी "मुलं किती?" विचारलं की माझा जीव कोंडतो. काय सांगू?

हळदीकुंकवाला, बसमध्ये, नव्या शेजारणीकडून हा प्रश्न येतोच, आणि विचारणारीच्या मनात काही नसतं. एक म्हणालात तर घरी येऊन लेकराला नाकारल्यासारखं वाटतं. दोन म्हणालात तर पुढचा प्रश्न येतो, "काय करतात?"

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. कुणाला काय सांगायचं ते त्या-त्या वेळी तुम्ही ठरवा. बसमधल्या अनोळखी बाईला "एक" म्हणून गप्प बसलात म्हणून तुमचं आईपण उणं होत नाही. जिथे जीव मोकळा करावासा वाटेल तिथे सांगा: "दोन. धाकटी सातवीत आहे. थोरला आजारपणात गेला, अनिकेत नाव त्याचं." समोरची एक तर गडबडून विषय बदलेल, नाही तर तुमचा हात धरेल आणि विचारेल, कसा होता हो?

मग सांगा, कसा होता ते.